वेणूसाठी पाच पत्ते

नागपूरला जाऊन आलो म्हटलं की वाईत लोक आधी विचारतात, संत्री किती आणली? मी एक करंडी आणली. पण तिथे जेवढी सोलली त्याच्या मानाने ती करंडी म्हणजे काहीच नव्हे. संत्री का सोलावी लागली, हे सांगायचं तर आईच्या पायापासून सुरुवात करायला हवी.

माझी थोरली बहीण सुलभा नागपूरला दिलेली आहे. दिलेली म्हणजे तिने आपलं आपण जमवलं आणि आम्ही अक्षता टाकल्या. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं, आरक्षणही झालं होतं, पण बाळाला ते मान्य नव्हतं. ते महिनाभर आधीच आलं. त्याच आठवड्यात आई घाटाच्या पायरीवरून घसरली आणि तिचा पाय प्लास्टरमध्ये गेला. तार आली, 'मुलगी. दोघी सुखरूप. बारसं रविवारी.' आता जाणार कोण? शाळेत भूगोल शिकवणारा, चोवीस वर्षांचा, बाळाला कुठून धरतात हे ठाऊक नसलेला मी.

आईने हळिवाच्या लाडवांचा डबा, दोन झबली, एक कुंची आणि एक हुकूम माझ्याबरोबर दिला.

"मुलीचं नाव वेणू ठेवायचं. ऐकतोयस ना? वेणू."

वेणू हे माझ्या आजीचं, म्हणजे आईच्या आईचं नाव. आई आठ वर्षांची असताना ती गेली. सुलभा झाली तेव्हाच आईला हे नाव ठेवायचं होतं. पण नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि आमच्या आत्याने पाळण्याशी वाकून 'सुलभा' म्हणून टाकलं. आईला कुणी विचारलंसुद्धा नाही. "सत्तावीस वर्षं मी गप्प आहे," आई म्हणाली. ती गप्प आहे हे आम्ही सत्तावीस वर्षं रोज ऐकतो आहोत.

मी म्हटलं, त्यात काय अवघड आहे? जातो, नाव सांगतो, जेवून येतो.

नंदनवन, गुरुवार

नागपूर मी मुलांना दर वर्षी नकाशात छडीने दाखवतो. 'देशाचा मध्य' म्हणतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. तिथली डिसेंबरातली सकाळ इतकी गार असते हे भूगोलाच्या पुस्तकात नाही. सायकलरिक्षातून नंदनवनात पोचेपर्यंत माझं नाक मला जाणवत नव्हतं.

घर ओळखायला सोपं होतं. दाराची एक फळी हिरवी होती आणि दुसरी निळी. रंग संपला असावा, असं मला वाटलं.

दार सुलभाच्या सासऱ्यांनी उघडलं. ते रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. गल्लीत सगळे त्यांना गार्डबाबा म्हणतात. माझं सामान आत जाण्याआधी माझ्यापुढे पोह्यांची बशी आली. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं पडतं. तिथे गार्डबाबांनी स्वतःच्या हाताने पोह्यांवर लाल रस्सा ओतला. त्याला तर्री म्हणतात. दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"काहून रडून राह्यले गा भाऊ?" गार्डबाबा म्हणाले. "बहिणीची आठवण आली का? थे तं अंदरच हाये."

आत सुलभा बाळाला घेऊन बसली होती. बाळ एवढंसं, तांबूस, कपाळाला आठ्या घातलेलं. सगळं आमच्या आईसारखं. त्या आठ्या बघून मला एकदम भरून आलं, आणि या वेळी तर्रीचा काही संबंध नव्हता. मी आईचा हुकूम सांगितला. सुलभा हसायला लागली.

"विशू, विमलताईंनी नाव आधीच ठरवलंय. पौर्णिमा. ही पौर्णिमेला झाली ना." विमलताई म्हणजे तिची नणंद, बाळाची आत्या, काटोलला दिलेली. "तिन्ही मुलगेच आहेत त्यांना. तीन बाळंतपणं हे नाव तयार ठेवून बसल्या होत्या."

"मग मी त्यांच्याशी बोलतो."

"या घरात बोलून काही मिळत नाही," सुलभा म्हणाली. "पत्त्यांवर मिळतं."

मला वाटलं, थट्टा करते आहे. पण गार्डबाबा बाहेरून गंभीरपणे म्हणाले, "बरोबर हाये."

मग मला त्या घराचा कायदा कळला. गार्डबाबांचे वडील उमरेडला मागावर लुगडी विणायचे. घरात भांडण झालं की दहा दहा दिवस माग बंद, सगळे रुसून बसलेले. गार्डबाबा रेल्वेत लागले, तिथे अँग्लो-इंडियन ड्रायव्हर मुक्कामाच्या खोलीत पाच पत्त्यांचा पोकर खेळायचे. खाट कुणाची, आंघोळ आधी कुणाची, सगळं पत्त्यांवर ठरायचं. पैशाचं नाव नाही. "मी म्हटलं, हे बेस हाये," गार्डबाबा म्हणाले. "पाच पत्ते वाटा, एकदा बदलून घ्या, धा मिंटात निकाल. मंग कोनं रुसाचं नाई."

"आणि दोघांचे पत्ते अगदी सारखे आले तर?"

त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. हिरवा रंग त्यांना हवा होता, निळा त्यांच्या कैलासवासी पत्नीला. पाचच्या पाच पत्ते सारखे निघाले. "मंग काय, अर्धं अर्धं."

मी त्या दाराकडे पाहिलं आणि माझ्या भाचीला शाळेत 'वेणूपौर्णिमा' म्हणून हाक मारताहेत असं माझ्या डोळ्यांसमोर आलं.

तरी मी फारसा घाबरलो नाही. वसतिगृहात चार वर्षं दर दिवाळीला मी तीन पत्ती खेळलो आहे. पाच म्हणजे आणखी दोन. गार्डबाबा नियम सांगायला लागले तेव्हा मी म्हटलं, "येतं मला." आयुष्यात हे वाक्य मी जेव्हा जेव्हा म्हटलं तेव्हा तेव्हा पस्तावलो आहे.

काटोल, शुक्रवार

आत्याबाईंना आमंत्रण द्यायला जायचा मान मामाचा, असं गार्डबाबांनी ठरवलं आणि मला बसमध्ये बसवून दिलं. तासा-दोन तासांचा रस्ता. कपाशीची शेतं मागे पडली आणि संत्र्यांचे बगीचे लागले. नारिंगी रंगाचा एवढा साठा मी एका ठिकाणी कधी पाहिला नव्हता. आमच्याकडे संत्रं आजाऱ्याला भेटायला जाताना नेतात, तेही दोन. काटोलला तोडणी चालू होती आणि फळांचे ढीग गुडघ्याएवढे होते. सगळा गाव आजारी पडला तरी पुरून उरले असते.

विमलताई ढिगाशेजारी खाटेवर बसून माल निवडत होत्या. पन्नाशीला टेकलेल्या, ठसठशीत, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मी आमंत्रण दिलं आणि घाईघाईने वेणूचं सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमच्या आईची आई होय थे?" त्या म्हणाल्या. "चांगलं नाव हाये. पण पौर्णिमा बी चांगलं हाये. रविवारी पाच पत्ते होऊन जाऊ द्या. तोवर सराव करता का, भाऊ? हारला त्यानं सगळ्याइले संत्रे सोलून द्याचे."

लगेच पत्ते वाटले गेले. मी एक पत्ता बदलला आणि माझ्याकडे पाचही बदाम आले. लहानमोठे, पण सगळे बदाम. विमलताईंनी चौकी ते अठ्ठी अशी रांग मांडली, वेगवेगळ्या रंगांची. तीन पत्तीत रांगेपुढे रंग फिका पडतो. मी माझे बदाम खाटेवर टाकले आणि म्हटलं, "हरलो."

विमलताईंनी माझ्या पत्त्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग संत्र्यांची पाटी माझ्याकडे सरकवली.

तोडणीला एकवीस माणसं होती. मी ऊन उतरेपर्यंत सोलत होतो. बायका पदराआड हसत होत्या. मला वाटलं, वाईचा पाहुणा सोलतो म्हणून हसताहेत. नखं पिवळी झाली, डोळ्यांत सालीचा फवारा गेला आणि मी पुन्हा रडलो. विदर्भात माझ्याबद्दल काय मत झालं असेल ते देव जाणे.

बस सुटताना विमलताई खिडकीशी आल्या. "भाऊ, एक सांगू का? पाच पत्त्यात रंग मोठा असते, रांग लहान. तुमीच जिंकले होते."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"सराव होता नं," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी एक करंडी माझ्या मांडीवर ठेवली. मला इतका राग आला की नागपूर येईपर्यंत मी त्यातली चारच खाल्ली.

पुन्हा नंदनवन, शनिवार

आता मात्र मी गार्डबाबांचे पाय धरले. त्यांनी मला आणि पत्त्यांना ओसरीत बसवलं आणि सबंध पोकर रेल्वेच्या भाषेत शिकवला.

"पाच पत्ते म्हंजे पाच डब्याची गाडी," ते म्हणाले. "सगळे डबे येगळे, तं ज्याचा मोठा डबा त्याची गाडी पुढं. दोन डबे सारखे, थे जोडी. त्याच्यावर दोन जोड्या. त्याच्यावर तीन सारखे. त्याच्यावर रांग, डबे नंबरानं लागले. त्याच्यावर रंग. त्याच्यावर फुल, तीन सारखे अन् दोन सारखे, पाय ठेवाले जागा नाई. त्याच्यावर चार सारखे. अन् रांग बी हाये, रंग बी हाये, थे मेलगाडी. तिले सगळे सिग्नल मोकळे."

रंग रांगेपेक्षा मोठा का, हे मात्र शेजारच्या मेश्रामगुरुजींनी सांगितलं. ते शाळेत गणित शिकवायचे. पत्त्यांचा नाद अजिबात नाही, म्हणूनच या घरचे कायमचे पंच. "जे येणं कठीण ते मोठं," ते म्हणाले. "तीन पत्त्यांत रांग कठीण. पाचांत रंग कठीण. मोजून पाहा."

मी मोजलं नाही. मी विचारलं, "आणि जोड्या सारख्या आल्या तर? इस्पिकवाला मोठा ना? आमच्या वसतिगृहात इस्पिक सगळ्यांच्या वर."

गुरुजींनी चष्मा काढला. छप्पन्न साली दीक्षाभूमीवर ते आपल्या आईचं बोट धरून उभे होते, हे मला सुलभाने सांगितलं होतं. "सगळे रंग सारखे, सर," ते म्हणाले. "वरचा-खालचा कुणी नाही. या नागपुरात तरी हे पुन्हा सांगायला लावू नका."

मी वरमलो. बरोबरी कशी सोडवायची हे गार्डबाबा सांगणार, तेवढ्यात जेवायची हाक आली आणि तो धडा पंगतीत झाला. पंगतीत सावजी मटण होतं. मागावर बसणाऱ्या माणसांचं हे जेवण, असं ते अभिमानाने सांगतात. ते खाऊन माणूस मागावर बसू शकतो, याबद्दल मला त्या सगळ्या समाजाविषयी आदर वाटतो. मी दोन घास खाल्ले आणि माझ्या कानांत शिट्टी वाजायला लागली.

त्या शिट्टीतून गार्डबाबांचं बोलणं तुकड्यातुकड्यांनी येत होतं. "जोडी सारखी, तं राह्यलेल्या तिघातला मोठा पाहाचा... थो बी सारखा, तं त्याच्या खालचा... अन् गार्डचा डबा आखरी असते, भाऊ. थो पाह्यल्याबिगर गाडी पुरी गेली असं म्हनाचं नाई. समजलं का?"

मी मान हलवली. पाणी मागण्यासाठी हलवली होती.

बारसं, रविवार

सकाळपासून घर भरलं होतं. पाळणा झेंडूने सजला होता, घुगऱ्या शिजत होत्या. पाळण्यासमोर सतरंजी टाकली. एका बाजूला विमलताई जरीचं लुगडं नेसून, दुसऱ्या बाजूला मी, मध्ये पत्ते घेऊन मेश्रामगुरुजी. गल्लीतल्या बायका मुलं कडेवर घेऊन उभ्या. हे त्यांना नवीन नव्हतं. आई प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून तारेची वाट बघत बसली असणार, हे मला दिसत होतं. सत्तावीस वर्षांनी तिला पुन्हा एक संधी आली होती आणि ती तिने कुणाच्या हातात दिली होती? माझ्या.

पाच पाच पत्ते वाटले. माझ्याकडे दोन अठ्ठ्या, एक एक्का आणि दोन किरकोळ. मी किरकोळ बदलून घेतले. एक राणी आली, आणि तिच्यामागून तिर्री. विमलताईंनीही दोन पत्ते बदलले. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"शो!" मी ओरडलो. पोकरात असं काही ओरडायचं नसतं, पण सवय.

मी दोन अठ्ठ्या टाकल्या. विमलताईंनी दोन अठ्ठ्या टाकल्या. बायकांत कुजबुज झाली. मी एक्का टाकला. विमलताईंनी एक्का टाकला.

तीन पत्ते सारखे. माझ्या डोक्यातला खेळ तीन पत्त्यांवर संपतो, आणि आमच्या वसतिगृहाचा नियम असा की बरोबरी झाली तर शो मागणारा हरतो. शो मीच मागितला होता, तोही गल्लीला ऐकू जाईल असा. मी उरलेले दोन पत्ते पालथे ठेवले, हात जोडले आणि उभा राहिलो.

"नाव तुमचं, ताई," मी म्हटलं. "पौर्णिमा ठेवा. मी आईला सांगेन." आईला काय सांगणार होतो, कुणास ठाऊक.

गार्डबाबांनी तोंड उघडलं होतं, पण पंचाखेरीज तिसऱ्याने बोलायचं नाही, असा त्यांचाच कायदा. गुरुजींनी विमलताईंकडे पाहिलं. खेळाडूने हार कबूल केली की पंच काय करणार? विमलताईंनी आता नुसतं पाळण्यापाशी जायचं होतं. तीन बाळंतपणं जपलेलं नाव ओठांवर होतं.

"बसा नं भाऊ," विमलताई म्हणाल्या. "दोन डबे राह्यले अजून."

"पण ताई, मी तर..."

"काटोलले सराव होता. आज लेकराचं नाव हाये. बसा."

मी बसलो. त्यांनी राणी टाकली. मी माझा पत्ता उलटला. राणी! आता बायका पुढे सरकल्या, एकीचं कडेवरचं मूल रडायला लागलं, तिने त्याच्या हातात माझ्याच करंडीतलं संत्रं दिलं.

एकेक पत्ता उरला होता. विमलताईंना आपला पत्ता ठाऊक होता. त्याच्याखाली पत्ताच नसतो, म्हणजे जिंकणं आता नव्हतंच. फार तर बरोबरी, दाराच्या फळ्यांसारखी. तरी त्यांनी तो सतरंजीवर ठेवला आणि बोटाने माझ्याकडे सरकवला.

दुर्री.

"पलटवा आता," त्या म्हणाल्या. "गार्डचा डबा हाये."

मी तिर्री पलटवली. चौकटची तिर्री, सबंध जोडात जिच्याकडे कुणी बघत नाही ती.

गुरुजींनी चष्मा लावून दोन्ही पत्ते नीट पाहिले. "तीन दोनपेक्षा मोठे," ते म्हणाले. "वेणू."

मी विमलताईंच्या पायाच पडलो. त्यांचे डोळे भरले होते आणि त्या ते लपवतही नव्हत्या. गार्डबाबा म्हणाले, "काहून वं विमल, रडून राह्यली?" तर त्या फणकारल्या, "मंग काय नाचू? तीन तीन लेकरं झाले तवापासून नाव जपून ठेवलं होतं म्या!" मग नाक पुसून उठल्या. नाव मामाकडे गेलं होतं तरी कान आत्याचाच. त्या पाळण्यावर वाकल्या. बायकांनी त्यांच्या पाठीवर धपाटे घालत 'कुर्र' केलं आणि विमलताईंनी बाळाच्या कानात अगदी मऊ आवाजात 'वेणू' म्हटलं.

मग सरळ झाल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पण मी इले तिर्रीच म्हनीन. मले हारवलं तिनं."

सगळे हसले. मीही हसलो. मला वाटलं, हसण्यावारी जाईल.

वाई

तार माझ्या आधी पोचली होती. मी दारात पाऊल ठेवलं तेव्हा आईने मला काही विचारलं नाही, नुसतं जवळ बसवलं आणि माझा हात धरून पुष्कळ वेळ रडली. मग डोळे पुसून तिने सगळ्या आळीला हाका मारून सांगितलं की माझी आई परत आली. मी पत्त्यांचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बाई मोठ्या मनाची आहे हो." तिने एका नणंदेला चांगलं म्हटलेलं मी प्रथमच ऐकलं.

आता या गोष्टीला दीड महिना झाला. सुलभाची पत्रं येतात. पहिल्यात होतं, 'तिर्री हसायला लागली.' आई संतापली, "कोण तिर्री?" दुसऱ्यात, 'गार्डबाबा तिर्रीला रोज दारात नेऊन हिरवी फळी दाखवतात.' तिसऱ्यात विमलताईंनी स्वतः शेवटी दोन ओळी लिहिल्या होत्या, आणि त्यांत चार वेळा तिर्री होतं. आईने ते पत्र डब्याखाली ठेवलं आणि दिवसभर कुणाशी बोलली नाही.

परवा प्लास्टर निघालं. आईने मला पोस्टकार्ड घेऊन बसवलं आणि स्वतः फेऱ्या मारत मजकूर सांगायला लागली. पाय बरा आहे, लाडू पुरवून खा, थंडीत बाळाला टोपडं घाल. शेवटी आशीर्वाद आले.

"लिही," ती म्हणाली, "चि. तिर्रीस अनेक आशीर्वाद."

माझा हात थांबला. "आई, वेणू ना?"

"तेच म्हटलं मी," आई म्हणाली. "लिही पुढं, टपाल निघेल."